मृगाआधी डेकच्या खाली उतरून बघा: फळ्या, कठडा आणि निगा

अबोली, १४ मे

नमस्कार. परवाचा प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून लिहायला बसलेय. ज्यांच्या घराला लाकडी डेक, सज्जा किंवा गॅलरी आहे त्यांनी कृपया पूर्ण वाचा.

आमचं घर साताऱ्यात शाहूनगरला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतारावर. पुढून एकमजली दिसतं, पण मागे जमीन एकदम खाली जाते. हॉलच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की चौदा बाय दहाचा डेक आणि त्याच्याखाली नऊ फुटांची पोकळी. लोखंडी सांगाडा, वर सागवानी फळ्या, कडेला लोखंडी कठडा. सात वर्षांपूर्वी करून घेतला. सकाळचा चहा तिथे, मुलीचा अभ्यास तिथे आणि उन्हाळ्यात आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, वाळवणही तिथेच.

परवा सकाळी आई कुरडया घालत होत्या. जुनी साडी अंथरलेली, हातात सोऱ्या. शेवटचा घाणा झाला आणि उठताना त्यांनी नेहमीसारखा कठड्याला हात टेकला. कठडा बाहेर गेला. तुटला नाही, आवाजही झाला नाही, नुसता चार बोटं बाहेर झुकला, हलणाऱ्या दातासारखा. मी मागे चिकाचं पातेलं घेऊन उभी होते. पातेलं टाकलं आणि त्यांचा दंड धरला. आई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. खाली दगडी पायऱ्या आहेत. पुढचं लिहवत नाही.

दुपारी आमच्या ह्यांनी त्या खांबाच्या बुडाची चौकोनी प्लेट उचकटली. प्लेट चार स्क्रूंनी नुसत्या फळीवर बसवलेली होती, खालच्या लोखंडाला धरलेलीच नव्हती. प्लेट आणि फळी यांच्यामध्ये सात पावसाळे पाणी मुरत राहिलं. चारही स्क्रू बोटांनी वर आले. आट्यांना लाकडाचा ओला, काळपट भुसा चिकटलेला. प्लेटखालचं लाकूड भिजवलेल्या पेंडीसारखं, नखाने निघत होतं. आणि तिथून दोन इंचांवर तीच फळी टणक आणि चकचकीत.

मला लागलं ते हेच. दर दिवाळीला हा डेक मी स्वतः घासते, दर दोन वर्षांनी पॉलिश करून घेते. पण सात वर्षांत एकदाही खाली उतरून मान वर करून बघितलं नाही. खाली जुनी लाकडं, उरलेली फरशी, फुटक्या कुंड्या ठेवल्यात, त्यामुळे तिकडे जाणंच होत नाही. ज्यांनी काम केलं त्यांना फोन केला तर "सात वर्षं झाली की ताई" एवढंच उत्तर आलं. मला भांडायचं नाही. काय चुकलं ते समजून घ्यायचंय.

रोहिणी लागायला अकरा दिवस आहेत, मृगाला साडेतीन आठवडे. तेवढ्यात काय काय तपासायचं आणि सुरुवात कुठून करायची? फळ्यांवर मागच्या पावसाचं शेवाळ सुकून काळं पडलंय, ते गाडी धुण्याच्या प्रेशर गनने काढू का? वरून तेल लावायचं की पॉलिश? तोवर दाराला कुलूप घातलंय आणि किल्ली माझ्याकडे ठेवलीय.

वसुधा, १४ मे

वाचताना अंगावर काटा आला. आईंना कुठे लागलं नाही ना? मनातून घाबरल्या असतील तर एकदोन दिवस त्यांच्याजवळ बसा. डेकचं होईल. मला तेलाबद्दल एक महत्त्वाचं सांगायचंय, रात्री निवांत लिहिते.

कऱ्हाडचा सुतार, १५ मे

अबोलीताई, कुलूप घातलंत ते फार चांगलं केलंत. आजोबांपासून आमचा हाच धंदा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी डेकखालचा सगळा पसारा काढा. दुपारच्या उजेडात खाली उभं राहून वर बघा, सोबत टॉर्च आणि एक जाडसर पेचकस घ्या. फळी जिथे लोखंडावर टेकते, जिथे दोन फळ्यांची तोंडं मिळतात, जिथे स्क्रू खाली आलाय आणि जिथे वर कुंडी असते, तिथे पेचकसाचं टोक हाताच्या जोरानेच दाबा. चांगलं सागवान त्याला आत घेत नाही. पाव इंच सहज आत गेलं तर ती फळी गेली. वरून कितीही सुंदर दिसली तरी बदला. ठोकूनही बघा. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं भद्द वाजतं.

लाकूड कुजतं ते ओलं झालं म्हणून नव्हे, ओलं राहिलं म्हणून. पावसात भिजलं आणि वाऱ्याने वाळलं तर सागवान पिढ्यान् पिढ्या टिकतं. वाईतले आणि साताऱ्यातले जुने वाडे बघा. पण लाकडातली ओल वजनाच्या २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला आयतं घर मिळतं. तुमच्या प्लेटखाली नेमकं हेच झालं. पाणी आत जायला वाट होती, ऊन-वाऱ्याला नव्हती.

दुसरं, लाकूड तोंडाने पाणी पितं. फळीच्या पाठीवरून पाणी वाहून जातं, पण कापलेल्या टोकातून ते आत शोषलं जातं, कारण झाडाच्या पाणी चढायच्या नळ्या तिथे उघड्या असतात. म्हणून कापलेल्या टोकांना तेलाचे दोनतीन हात जास्त द्यायचे. नवी फळी घेताना पिवळट-पांढरी कड असलेली घेऊ नका. सागाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो. कडेचं पांढरं लाकूड वाळवी आणि बुरशी दोघांनाही चालतं, मग झाड सागाचं असो की आणखी कशाचं.

दोन फळ्यांमध्ये ३ ते ५ मिलिमीटरची फट हवी. त्यात पानं आणि माती बसली की ती फट पाण्याची पन्हाळ होते. जुनी सुरी किंवा पत्र्याची पट्टी घेऊन प्रत्येक फट मोकळी करा. कंटाळवाणं काम आहे, पण अर्धी निगा यातच आहे.

कठड्याचं तर स्पष्टच सांगतो. कठड्याचा खांब फळीला धरायचाच नसतो, सांगाड्याला धरायचा. हात टेकला की खांबाच्या वरच्या टोकाला जोर लागतो आणि बुडाशी तो कितीतरी पटींनी वाढतो, सब्बलीने दगड उचकटतो तसा. लाकडातले चार स्क्रू तिथे पुरे पडत नाहीत, लाकूड चांगलं असलं तरी. एकच खांब दुरुस्त करून थांबू नका. सगळे खांब त्याच माणसाने तसेच बसवले असणार.

कुपवाडचा वेल्डर, १५ मे

सुतारदादांशी सहमत. लोखंडाचं मी सांगतो, सांगली-मिरजेकडे असे बरेच सांगाडे केलेत आणि तोडलेतही.

ताई, तुमचे खालचे खांब बॉक्स पाइपचे आहेत का? असतील तर त्यांची वरची तोंडं टोपी वेल्ड करून बंद केलीत का ते बघा. उघडं तोंड राहिलं किंवा वेल्डमध्ये बारीक भोक राहिलं की पाणी आत उतरतं आणि बुडाशी साठतं. पाइप मग आतून गंजतो. बाहेरचा रंग शाबूत दिसतो आणि भिंत कागदासारखी होते. जमिनीपासून पहिल्या वीतभर भागात छोट्या हातोडीने ठोकत चला. रंगाला फुगे आलेत, कडेने तांबडं पाणी ओघळल्याची रेघ आहे, आवाज मेलेला येतोय, यातलं काहीही दिसलं तर तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करा. पाइप चांगला असेल तर बुडाशी एक बारीक भोक ठेवा, आत आलेलं पाणी निघून जाईल.

खांब काँक्रीटमध्ये जिथे शिरतो तिथे काँक्रीट खांबाकडून बाहेर उतरतं हवं. खळगा असेल तर पाणी खांबाला धरूनच थांबतं. गंज ब्रशने आणि पॉलिश पेपरने पूर्ण काढून, त्याच दिवशी प्रायमर, मग दोन हात ऑइल पेंट. गंजावर नुसता रंग मारला तर तो आतून फुगून वर येतो.

आणि भिंतीकडची बाजू. डेकचा अँगल घराला बोल्टांनी धरलेला असेल. ते बोल्ट काँक्रीटच्या बीममध्ये आहेत की नुसत्या विटेत, हे नक्की तपासा. विटेतला बोल्ट वर्षानुवर्षांच्या हादऱ्याने सैल होतो. डेक कोसळायचा तर बहुतेक वेळा या भिंतीकडूनच सुटतो, आणि ती बाजू दाराखाली असल्याने कुणाच्या नजरेला पडत नाही. बोल्टभोवती गिलाव्याला चिरा किंवा ओघळ असतील तर इंजिनियरला दाखवल्याशिवाय वर पाय ठेवू नका.

वसुधा, १५ मे

आता तेलाचं. सागवानाला जवसाचं तेल उत्तमच. आत मुरतं आणि पॉलिशसारखे पापुद्रे धरत नाही. पण ते पुसलेले बोळे कुठे टाकता याकडे फार लक्ष द्या.

तीन वर्षांपूर्वी आम्ही झोपाळा आणि दारं तेलवली. संध्याकाळी सगळे बोळे एकत्र गुंडाळून प्लास्टिकच्या बादलीत टाकले आणि बादली अडगळीच्या खोलीत ठेवली. रात्री साडेदहाला कढईत तेल करपल्यासारखा वास यायला लागला. स्वयंपाकघरात काहीच नव्हतं. अडगळीचं दार उघडलं तर बादलीतून पांढरा धूर. काठीने बोळा उलगडला तेव्हा वरचं कापड नुसतं कोमट होतं आणि मधलं तपकिरी होऊन काळं पडत चाललेलं. बादलीचं बूड वितळून फरशीला चिकटलं होतं. शेजारीच रद्दी होती.

काडी नाही, ठिणगी नाही. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. कापड पसरलेलं असेल तर ती उडून जाते. गुंडाळलेल्या बोळ्यात ती कोंडते आणि वाढत जाते, शेवटी कापड पेटतं. म्हणून बोळे बाहेर दगडावर एकेक पसरून पूर्ण कडक होऊ द्या किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. कामाला येणाऱ्या माणसांनाही हे सांगा. आमच्याकडच्या रंगाऱ्यालाही हे ठाऊक नव्हतं.

पाचगणीकर, १६ मे

शेवाळावर आमचा आयुष्यभराचा अभ्यास म्हणायला हरकत नाही. साताऱ्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, शेजारी महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर आणि आम्ही मध्ये धुक्यात. पूर्वी पावसाळ्याआधी घरांना गवताचे आडोसे बांधायचे, आता प्लास्टिकचे कागद लावतात.

अबोलीताई, प्रेशर गन नको. गाडी धुवायच्या जोरात ती लाकडाचे मऊ धागे उपसते. त्या दिवशी फळी नव्यासारखी दिसते, पण नंतर हात फिरवला तर केसाळ लागते. त्या केसांत पाणी अडकतं आणि पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट येतं. कोमट पाणी, साधा भांड्यांचा साबण आणि नायलॉनचा किंवा काथ्याचा ब्रश घ्या. रेषांच्या दिशेने घासा, आडवं नको. साबणाचं पाणी दहा मिनिटं मुरू द्या, मग घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. तारेचा ब्रश किंवा भांड्यांची लोखंडी घासणी लाकडाला लावूच नका. लोखंडाचे कण रेषांत अडकतात आणि पाणी लागलं की सागवानावर शाईसारखे काळे डाग पडतात.

धुताना निसरडं होतं. दाराकडून सुरू करून कडेकडे जाऊ नका, कडेकडून दाराकडे मागे मागे या. पायात रबरी तळाची चप्पल हवी.

द्राक्षबाग, १६ मे

आम्ही तासगावकडचे. शेवाळ आणि बुरशीला आमच्याकडे मोरचूद असतंच. बागेला बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं औषध, मारतो त्यातलं उरलेलं पाण्यात कालवून ओट्यावर टाकतो, शेवाळ मरतं. डेकलाही चालेल असं वाटतं.

शाळामास्तर, १६ मे

द्राक्षबाग, दगडी ओट्याला चालेल, इथे नको. दहावीत परीक्षानळीत मोरचुदाचं निळं द्रावण घेऊन त्यात लोखंडी खिळा टाकायचा प्रयोग आठवतो का? खिळा तांबूस होतो आणि निळा रंग फिका पडत जातो. खिळ्यावर तांबं बसतं आणि तेवढं लोखंड द्रावणात उतरतं. अबोलीताईंच्या प्रत्येक स्क्रूचं आणि सांगाड्याचं तेच होईल. आधीच जे कमजोर झालंय तेच आणखी खाल्लं जाईल. शिवाय खाली झाडं असतील तर तांबं मातीत साठतं.

आणखी एक, हात जोडून सांगतो. डाग जात नाहीत म्हणून ब्लीचिंग आणि संडास धुवायचं ॲसिड कुणी एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. उघड्यावरही वाकून घासणाऱ्याच्या थेट नाकात जातो.

द्राक्षबाग, १६ मे

बरोबर आहे सर. फवारणी पंपाचे लोखंडी भाग का खातं ते आज नीट कळलं. माझी सूचना मागे घेतो.

माणदेशी, १७ मे

डेक नाही आमच्याकडे, पण हा धागा वाचून आटपाडीचं आजोळ आठवलं. तिथं माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर. रोहिणी निघायच्या आत आजोबा शिडी लावून वर जायचे. उगवलेलं गवत मुळासकट उपटायचे, उंदरांची बिळं बुजवायचे, पन्हाळी हात घालून साफ करायचे आणि मग पांढरी माती टाकून चोपून घ्यायचे. आम्ही पोरं खालून पाट्या द्यायचो. हे झाल्याशिवाय घरात दुसरं कुठलंच काम निघायचं नाही.

पण आजोबा आणखी एक करायचे, जे पुढच्या पिढीने सोडलं. नवी माती टाकायच्या आधी जुनी खरवडून खाली काढायचे. मामांनी नुसती वरून टाकत नेली. दहाबारा वर्षांत थर वीतभर झाला आणि एका पावसाळ्यात तुळई मधोमध वाकली. घरातले ओसरीवर होते म्हणून वाचले. ताई, तुमच्या डेकवर कुंड्या किती आहेत ते मोजा. ओल्या मातीची मोठी कुंडी तीसचाळीस किलो सहज भरते.

अबोली, १७ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. आई बऱ्या आहेत, फक्त कठडा शब्द निघाला की गप्प होतात.

आज खालचा पसारा काढला. माणदेशी, तुमचं वाचून कुंड्या मोजल्या: चौदा. सगळ्या एका रांगेत कठड्याला चिकटून, म्हणजे सगळं वजन कडेला. एकेक उचलली तर प्रत्येकीखाली काळं ओलं वर्तुळ. सुतारदादा, पेचकस दोन वर्तुळांत आत गेला. आतून निघालेला भुगा हातावर घेतला तर मातीसारखा वास आला.

कठड्याची उंची मोजली, ३२ इंच. पुरेशी आहे का? भाची चार वर्षांची आहे आणि सुट्टीत येणार आहे.

कऱ्हाडचा सुतार, १८ मे

नाही ताई, कमी आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत बाल्कनी आणि गच्चीच्या कठड्याला किमान १ मीटर सांगितलाय, म्हणजे जवळजवळ ४० इंच. उभ्या गजांमधली फट चार इंचांच्या आत ठेवा. लेकरू अंग बारीक करून पाय आधी घालतं आणि डोकं अडकतं. तुमचे गज आडवे असतील तर तेही बदला, चार वर्षांच्या पोराला ती शिडीच वाटते.

कुंड्या परत ठेवताना विटेच्या तुकड्यांवर, सांगाड्याच्या दांड्यांवर येतील अशा आणि विखरून. खालून वारा फिरला पाहिजे.

अजिंक्य, १८ मे

लाकडांचा ढीग हलवताना हात घालण्याआधी काठीने हलवत जा. पावसाच्या तोंडावर मण्यार आणि घोणस अशाच जागी असतात. साप दिसला तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर आवळून बांधणं, चिरणं काही करू नका. तो भाग हलवू न देता लगेच १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा.

गावभागातली, १९ मे

सांगलीच्या गावभागातून लिहितेय. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमचा मागचा लाकडी सोपा, म्हणजे पडवी, आठवडाभर पाण्यात होता. पाणी उतरल्यावर गाळ ओला असतानाच धुतला ते बरं केलं. वाळल्यावर तो रेषांत बसतो आणि मग निघत नाही. पण घाई केली ती रंगाची. गणपती तोंडावर होते, घर भकास दिसत होतं, म्हणून चार दिवस ऊन पडल्यावर लगेच ऑइल पेंट मारून घेतला. दिवाळीपर्यंत रंगाला लिंबाएवढे फोड आले. फोडले की आतून पाणी. वरून वाळलेलं लाकूड आत महिनाभर ओलं असतं आणि आम्ही ती ओल आतच कोंडली.

आता मी संध्याकाळी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने लाकडावर चिकटवते आणि सकाळी बघते. आतल्या बाजूला घाम दिसला की थांबायचं. तुम्ही धुतल्यावर निदान तीन दिवस कडक ऊन द्या आणि मगच तेल.

तारतंत्री, १९ मे

कठड्यावर दिव्यांच्या माळा असतील तर त्या वायरीही बघा. लोखंडी कठडा, ओली फरशी आणि सोललेली वायर म्हणजे पूर्ण कठड्यात करंट. डेकवरचं पॉइंट ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीवर, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवर हवं. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. फट् करून पडलं पाहिजे. पडलं नाही तर आधी ते बदला.

अबोली, ८ जून

काल मृग लागला आणि रात्री पहिला पाऊस आला. त्याच्या दोन दिवस आधी काम संपलं.

भिंतीकडचे सहापैकी चार बोल्ट बीममध्ये निघाले, दोन विटेत. इंजिनियरांनी ते दोन काढून बीममध्ये नवीन घ्यायला लावले. खालच्या तीन खांबांपैकी दाराच्या उजवीकडचा बुडाशी गंजलेला होता. वेल्डरदादा, तुम्ही म्हणालात तसंच, बाहेरून रंग ठीक आणि हातोडी मारल्यावर डबा वाजल्यासारखा आवाज. पाइप कापला तेव्हा आतून वाटीभर तांबडं पाणी आणि गंजाचे पापुद्रे निघाले. तो खांब बदलला. पाच फळ्या बदलल्या, त्यांची टोकं तेलात बुडवून बसवली. कठडा सगळा नवा, ४२ इंच, उभे गज, प्रत्येक खांब सांगाड्याला आरपार बोल्टने. बिल साडेअडतीस हजार झालं. एवढा खर्च अंगावर आला खरा, पण त्या सकाळचा विचार केला की आकडा डोक्यात राहत नाही.

फटी मी स्वतः मोकळ्या केल्या, तीन दुपारी लागल्या. एका फटीतून मुलीची हरवलेली चांदीची पैंजणाची घुंगरं निघाली. तेलाचे बोळे अंगणात दगडांवर पसरले होते, दुसऱ्या दिवशी पापडासारखे कडक झालेले.

आज सकाळी जाऊन बघितलं. फळ्यांवर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे होते, आणि खाली उतरून वर बघितलं तर फटीफटींतून पाणी सरळ खाली गळत होतं. कुठेही थांबत नव्हतं.

वसुधा, ८ जून

वाचून फार बरं वाटलं. आई आल्या का बाहेर?

अबोली, ८ जून

अजून नाही. दारात उभ्या राहून बघतात.

कऱ्हाडचा सुतार, ९ जून

छान केलंत. हे थेंब उभे राहतात ते लक्षात ठेवा. श्रावणात एखादी उघडीप मिळाली की वाळलेल्या फळीवर ओंजळभर पाणी टाकून बघा. थेंब पसरून मुरायला लागला की तेल संपलं समजा आणि पाऊस सरल्यावर पुन्हा लावा. पाऊस चालू असताना लावू नका. आणि गौरी-गणपतीला हळदीकुंकवाच्या सगळ्या बायका एकदम डेकवर घेऊ नका. भारतीय मानकात बाल्कनीला दर चौरस मीटरला किमान ३०० किलोच्या आसपास भार धरायचा असतो, पण तुमचा जुना सांगाडा तसा हिशेब करून बांधलाय का ते इंजिनियरांनी लिहून दिल्याशिवाय गृहीत धरू नका. फोटो काढायला सगळे एकाच कडेला जातात, ते तर टाळाच.

अबोली, १९ सप्टेंबर

हळदीकुंकू हॉलमध्येच केलं. डेकचं दार उघडं ठेवलं होतं, पण मध्ये दोन खुर्च्या आडव्या लावल्या. एकदोघी नाराज झाल्या. कारण सांगितल्यावर त्यातल्या एकीने घरी जाऊन स्वतःची गॅलरी तपासली आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. तिच्याकडेही खांब फक्त फरशीला धरलेले निघाले. तिला हा धागा पाठवलाय.

अबोली, खंडेनवमी

आज हत्यारांची पूजा झाली. पान्हा, पेचकस, हातोडी आणि ती फटी साफ करायची जुनी सुरीही पाटावर मांडली, आईंनी तिला हळदकुंकू वाहिलं. उद्या सीमोल्लंघन, आणि परवा सकाळी सगळे बोल्ट पान्ह्याने एकेक तपासायचे असं आम्ही ठरवलंय. दरवर्षी याच वेळी करायचं, म्हणजे विसरणार नाही. रोहिणीआधी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा.

पूजा झाल्यावर आई स्वतःहून डेकच्या दारापाशी गेल्या. उंबऱ्याच्या आतूनच हात लांब करून दाराजवळचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि हलवून बघितला. जोरात, दोनतीनदा. मग मला म्हणाल्या, "खुर्ची आण."

एक प्रश्न राहिलाय, सुतारदादा. दाराजवळच्या फटींत बारीक हिरवं गवत उगवलंय, दोरीसारखं लांब. मुळासकट ओढलं तर फळीची कड उचकटेल का?

कऱ्हाडचा सुतार, दसरा

ओढू नका. सुरी फटीत घालून मूळ आत कापा, चार दिवस उन्हात वाळू द्या, मग पट्टीने खाली ढकला. वाळलं की आपोआप सुटतं. आणि आईंना माझा नमस्कार सांगा.